चौऱ्याऐंशी नंबरचं स्टूल

आमच्या संग्रहालयाच्या पहिल्या मजल्यावर त्र्याऐंशी खुर्च्या आहेत आणि बसायला एकही नाही. हे वाक्य माझं नाही, मावशींचं. त्या दालनात त्यांनी एकतीस वर्षं राखणदारी केली, तेव्हा असं म्हणायचा हक्क त्यांच्याइतका कोणाला असणार?

मी तिथे पाट्या लिहिते. वस्तूशेजारी छोटी पाटी असते ना, कधीची, कशाची, कोणी घडवली, ती. साठ शब्दांची मर्यादा. त्या साठ शब्दांसाठी मी आठवडाभर पुस्तकं उपसते आणि लोक त्यातले सहा वाचून पुढे सरकतात. मला याचा संताप येतो आणि मावशींना माझ्या संतापाचं हसू येतं. "अगं, ते खुर्ची बघायला आलेत, तुला नाही," असं त्या मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. त्यावर मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून लिंबाच्या चवीची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. रडणाऱ्या पोरांसाठी त्या कोटाच्या खिशात कायम गोळ्या बाळगायच्या.

मावशी बुटक्या, गोल, राखाडी गणवेशाच्या कोटात जेमतेम मावणाऱ्या. आवाज मात्र असा, की दालनाच्या या टोकाहून त्यांनी नुसतं "अंहं" म्हटलं तरी त्या टोकाला कोणीतरी पुढे केलेला हात मागे घ्यायचं. त्या नात्यानं कोणाच्याच लागत नव्हत्या, तरी त्या सगळ्यांच्या मावशी. आमचे मिस्त्री, म्हणजे संग्रहालयाचे सुतार, त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठे, निवृत्त होऊनही कामावर येणारे. तेही त्यांना मावशीच म्हणायचे.

खुर्च्या मांडायची आमची एक पद्धत आहे. प्रत्येक खुर्ची चौथऱ्यावर, बघणाऱ्याच्या छातीएवढ्या उंचीवर. वरून दिवा, भोवती दोरी, मागे पांढरी भिंत. म्हणजे आकार उठून दिसतो, असं आम्ही म्हणतो. वाकवलेल्या नळीची खुर्ची, वेताची आरामखुर्ची, न्हाव्याची गोल फिरणारी, शाळेतली चिमुकली, एकाच साच्यातून काढलेली प्लास्टिकची, सगळ्या एका उंचीवर. शाळेतली खुर्ची ज्यांच्यासाठी केली ती मुलं तर तिच्या पायांच्या टोकांकडे बघून जातात. मावशींना ही मांडणी एकतीस वर्षांत पटली नाही. "खुर्ची इतकी वर चढवली की तिच्यावर बसावंसं वाटतच नाही, नमस्कार करावासा वाटतो," त्या म्हणायच्या.

त्यातल्या एकाही खुर्चीवर त्या कधी बसल्या नव्हत्या, पण प्रत्येकीवर बसलं की काय होईल ते त्यांना ठाऊक होतं. कसं? तर त्या खुर्च्यांकडे बघतच नसत, बघणाऱ्यांकडे बघत. नळीच्या खुर्चीपुढे माणसं नकळत पोट आत घेतात. वेताच्या आरामखुर्चीपुढे जांभई देतात. एका अतिशय नावाजलेल्या लाकडी खुर्चीपुढे, जिच्यावर मी साठ शब्द अक्षरशः ओवाळून टाकले होते, बहुतेक बायका कंबरेवर हात ठेवतात. "ती पाठ धरणारी खुर्ची आहे," मावशींनी निकाल दिला. पुढे मी एका जुन्या ग्रंथात वाचलं, की ज्यानं ती घडवली त्याच्याच बायकोनं महिन्याभरात ती अडगळीत टाकली होती. मी पाटी बदलली. कारण मात्र कोणाला सांगितलं नाही.

मावशींचे यजमान बस चालवायचे. ते दिवसभर बसून कावलेले, या दिवसभर उभ्या राहून. संध्याकाळी घरी आले की त्यांना पाय मोकळे करायचे असायचे आणि यांना पाय पसरायचे असायचे. त्यामुळे "आमचा संसार एका खुर्चीवर निभावला," असं मावशी सांगायच्या आणि स्वतःच खदखदून हसायच्या.

पण उभं राहणं कधीतरी वसूल होतंच. निवृत्तीला सहा-सात वर्षं राहिली असताना त्यांचा डावा गुडघा बोलू लागला. डॉक्टरांनी सांगितलं, अर्धा तास उभ्या राहिलात तर दहा मिनिटं बसा. आता बसायचं कशावर? दालनात प्रदर्शनात नसलेलं फर्निचर ठेवायचं नाही, हा आमचा फार जुना नियम. लोकांचा गोंधळ होतो म्हणून.

मावशी कोणाला काही बोलल्या नाहीत. पण एके दिवशी मिस्त्री त्या दालनाच्या दाराची बिजागरी दुरुस्त करायला आले आणि ती बिजागरी आठवडाभर दुरुस्तच होईना. मिस्त्री म्हणजे महिन्यातून वीस शब्द बोलणारा माणूस. स्क्रू घट्ट करायचे, सैल करायचे, आणि तिरक्या नजरेनं मावशींकडे बघायचे. पुढच्या आठवड्यात खिडकीजवळच्या कोपऱ्यात एक स्टूल आलं. कुठून आलं हे कोणी विचारलं नाही. परदेशातून एक खुर्ची ज्या खोक्यातून आली होती, त्या खोक्याच्या फळ्यांचं ते होतं. बसायची फळी पुढे किंचित उतरती, कारण कोणी दोरी ओलांडली की मावशींना झटकन उठावं लागे. मध्ये उचलायला एक खाच. डावा पाय टेकायला खाली एक आडवी पट्टी, बरोब्बर गुडघ्याला आराम पडेल त्या उंचीवर. मावशी बसल्या, पाय ठेवला आणि म्हणाल्या, "मिस्त्री, बिजागरी झाली का?" मिस्त्री म्हणाले, "झाली." एवढंच त्यांचं बोलणं झालं.

चार वर्षं ते स्टूल त्या कोपऱ्यात होतं आणि वरिष्ठांपैकी कोणालाही दिसलं नाही. त्यात नवल काही नाही. बसलेल्या माणसाखालचं स्टूल कोण बघतं? आणि संचालक आले की मावशी उठून त्याच्यापुढे उभ्या राहायच्या. मी स्वतः तिथे जाऊन कित्येकदा त्यावर बसून डबा खाल्ला आहे, संग्रहालय बंद असतं त्या सोमवारी. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं त्याला तोड नाही.

झालं असं, की नोंदणी विभागात एक नवी मुलगी आली. हुशार, टापटिपीची, नाकासमोर चालणारी. जे दिसेल त्याला नंबर द्यायची म्हणून आम्ही तिला नंबरताई म्हणायचो. वर्षाची मोजदाद करायला ती दालनात गेली तेव्हा मावशी गुडघ्याच्या उपचारासाठी तीन आठवडे रजेवर होत्या. यादीत त्र्याऐंशी आसनं, आणि मोजली तर चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशीवं कोपऱ्यात, बिननंबरी! आमच्या धंद्यात वस्तू फुटली तर चालेल एक वेळ, पण बिननंबरी सापडणं म्हणजे नाक कापलं जाणं. आधीच्या कोणाच्या तरी हातून नोंद राहिली, असं समजून तिनं संस्थेची लाज राखली. हातमोजे घातले, स्टूल उलटं केलं, बारीक ब्रशनं खाली नंबर घातला आणि रजिस्टरात नोंद करून टाकली. संचालक खूश. त्यांनी ते दारासमोरच्या चौथऱ्यावर चढवलं, दिवा सोडला, दोरी बांधली आणि फोटो पाटीसाठी माझ्याकडे पाठवून दिला.

पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, खालच्या कोनातून घेतलेला देखणा फोटो होता. मी माझ्या टेबलापाशी बसून तो निरखला. दालनापर्यंत चार पायऱ्याही उतरले नाही. नंबरताईनं शेरा मारला होता, एक पाय बोटभर लांब आहे, स्टूल डुगडुगतं. आणि मी, त्याच स्टुलावर बसून चपातीचे घास घेणारी मी, लिहिलं: "अज्ञात कारागीर. खोक्याचं लाकूड. पायांची असमान लांबी हे जाणूनबुजून साधलेलं अस्थैर्य असावं. बसणाऱ्याला निवांत होऊ न देणारं हे आसन, बसणं म्हणजे काय, असा प्रश्न आपल्याला विचारतं."

मावशी मंगळवारी रजेवरून परतल्या. मला खालून निरोप आला, मावशी बोलावताहेत. गेले तर त्या चौथऱ्यासमोर उभ्या, चष्मा नाकावर, पाटी मोठ्यानं वाचताहेत. एकेक शब्द सावकाश. मी स्टुलाकडे बघितलं, मग रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं, आणि माझे कान तापले.

"तू लिहिलंस?" मावशींनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

"मी चार वर्षं बसले गं यावर. मला तर यानं एकदाही काही विचारलं नाही."

आणि त्या हसत सुटल्या. चौथऱ्याच्या कडेला हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मला रडावं की हसावं कळेना. पण दुपारचे तीन वाजले तेव्हा त्यांचं हसू ओसरलं होतं आणि त्या भिंतीला पाठ लावून, डावा पाय उचलून धरून उभ्या होत्या.

मी नंबरताईकडे गेले. ती बिचारी पांढरीफटक पडली. चूक कळली, पण उपाय तिच्या हातात नव्हता. एकदा नंबर पडला की वस्तू संग्रहालयाची. तिला हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, वापरायची तर गोष्टच सोडा. नंबर काढायचा तर समितीच्या दोन बैठका, अकरा सह्या आणि कमीत कमी एक वर्ष. मी संचालकांकडे गेले. माणूस वाईट नाही, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांना घाम फुटतो. ते म्हणाले, "मला मावशींबद्दल आदर आहे. म्हणूनच सांगतो, एक तारखेपासून त्यांना सामानघरात देतो. तिथे चाकांची खुर्ची आहे, गादीची."

सामानघर तळघरात आहे. लोकांच्या छत्र्या आणि पिशव्या ठेवायची जागा. खिडकी नाही, माणसं येतात, बिल्ला घेतात, जातात. मावशींना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी खिडकीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तिथे मी कोणाकडे बघू? पिशव्यांकडे?" आणि पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज इतका लहान झालेला ऐकला. निवृत्तीला अजून दोन वर्षं होती. गोष्ट साधी होती: ते स्टूल खाली आलं नाही, तर मावशींची शेवटची दोन वर्षं तळघरात जाणार होती, आणि त्याला माझ्या पाटीनं हातभार लावला होता. मला स्वतःची चीड आली.

शुक्रवारी समिती ही नवी नोंद बघायला दालनात यायची होती. मी मिस्त्रींना गाठलं. ते फळीवर रंधा मारत होते. त्यांना पाटी वाचून दाखवली. त्यांनी रंधा थांबवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पाय लांब नाही. जमीन खाली आहे." पुढे काही बोलायला तयार नाहीत. त्यांचे त्या दिवसाचे शब्द संपले असावेत.

शुक्रवारी समितीच्या अध्यक्षबाई आल्या, बरोबर दोघं जण आणि संचालक. अध्यक्षबाई सत्तरीच्या पुढच्या, हातात काठी. त्यांनी स्टूल पाहिलं, पाटी पाहिली, एका बोटानं स्टूल हलवून पाहिलं. ते डुगडुगलं.

"हे असं मुद्दाम केलंय?" त्यांनी विचारलं.

"मुद्दाम केलंय," दारातून मिस्त्री म्हणाले. "पण इथे ठेवायला नाही केलं." मग मावशींकडे वळून त्यांनी हात पुढे केला. "एक गोळी द्या."

मावशींनी कोटाच्या खिशातून गोळी काढली. "दालनात खाण्याच्या वस्तू आणायच्या नाहीत," संचालकांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. मिस्त्रींनी कागद सोडवला आणि गोळी जमिनीवर, दालनाच्या मधोमध ठेवली. क्षणभर ती जागच्या जागी राहिली. मग हळूच हलली, आणि आम्हा सगळ्यांच्या देखत, घाई न करता, तिरकी घरंगळत खिडकीच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला टेकली. जिथे मावशी चार वर्षं बसायच्या, तिथेच.

"कोपऱ्यात जमीन बोटभर बसलीय," मिस्त्री म्हणाले. "म्हणून त्या बाजूचा पाय बोटभर मोठा. फळी पुढे उतरती, त्यांना पटकन उठायला. पट्टी डाव्या गुडघ्यासाठी. अख्ख्या जगात हे स्टूल एकाच जागी नीट उभं राहतं, आणि एकाच माणसाला नीट होतं."

इतकं बोलून ते दमले. अध्यक्षबाई कोपऱ्यातल्या गोळीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या आयुष्यात मी याहून चांगली रचना फार कमी पाहिलीय. नंबर काढायचा प्रश्नच येत नाही."

 स्तुती झाली आणि स्टूल गेलं! मावशी मात्र मिस्त्रींकडे बघून हसत होत्या, आपल्या भावाला कोणी बक्षीस दिल्यावर हसावं तशा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती एका फॉर्मच्या आठवणीनं. नंबर काढायला वर्ष लागतं, पण वस्तूची मांडणी बदलायला एकट्या संचालकांची सही पुरते. "मांडणी-बदल अर्ज", बारा रकाने. पाट्या लिहिते म्हणून तो भरायचं कामही माझ्याच गळ्यात असतं. सकाळी साडेनऊला मी अर्ज घेऊन बसले. नवी जागा: खिडकीचा कोपरा. कारण: वस्तू केवळ तिथेच स्थिर राहते, समितीनं स्वतः पाहिलं आहे. चौथरा: नको. आणि नववा रकाना: "वस्तूचा वापर समजावण्याची सोय (चित्र, छायाचित्र, चित्रफीत, प्रात्यक्षिक)". मी बाकीचं खोडून "प्रात्यक्षिक" ठेवलं. वेळ: रोज दहा ते साडेपाच, सोमवार सोडून.

संचालकांनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"प्रात्यक्षिक कोण देणार?"

"दालनात जी व्यक्ती हजर असेल ती. वेगळा माणूस लागणार नाही," मी म्हणाले.

"पण नियमाप्रमाणे नंबर पडलेल्या वस्तूला हातमोज्यांशिवाय हात लावता येत नाही."

दारात मावशी उभ्या होत्या हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. "साहेब," त्या म्हणाल्या, "मी त्याला हात कुठे लावते?"

संचालकांना पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. त्यांचे खांदे हलायला लागले, मग पोट, आणि बत्तीस वर्षांच्या नोकरीत ज्या माणसाला कोणी मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं, तो टेबलावर डोकं टेकून हसला. सही थोडी वाकडी आली, पण आली. सामानघराच्या बदलीचा कागद त्यांनी स्वतःच फाडला.

पुढची दोन वर्षं मावशींनी प्रात्यक्षिक दिलं. नंबरताई दर महिन्याला हातमोजे घालून स्टूल तपासायला यायची, तेवढा वेळ मावशी उठून उभ्या राहायच्या आणि तिला एक गोळी द्यायच्या. पाटी मी नव्यानं लिहिली. दालनात, जमिनीवर बसून. साठातले अठ्ठावीस शब्दच लागले: "मांडणी: या कोपऱ्यासाठी. एक पाय बोटभर लांब, कारण इथे जमीन बोटभर खाली आहे. घडवणारा: संग्रहालयाचा सुतार. वापरणारी: या दालनाची राखणदार. काही विचारायचं असेल तर स्टुलाला नको, त्यांना विचारा." आणि लोक विचारायचे! इतर खुर्च्यांपुढून जे भराभर चालत जात, ते तिथे थांबायचे. मावशी त्यांना सांगायच्या, कुठल्या खुर्चीपुढे पोट आत जातं आणि कुठल्या खुर्चीपुढे कंबर धरते. मग माणसं परत फिरून त्या खुर्च्या पुन्हा बघायची, यावेळी वाकून, खालून, बाजूनं. त्यांच्या सांगण्यावरून शाळेची चिमुकली खुर्ची आम्ही चौथऱ्यावरून खाली जमिनीवर आणली. आता मुलं तिच्यापाशी उभी राहतात आणि आपल्या गुडघ्याची उंची मोजतात.

निवृत्तीच्या दिवशी हार, भाषणं, घड्याळ, सगळं झालं. मावशी शेवटचं त्या स्टुलावर पाच मिनिटं बसल्या. मग उठल्या, फळीवरून कोटाची बाही फिरवली आणि मागे न बघता निघाल्या. ते स्टूल त्या घरी नेऊ शकत नव्हत्या हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या जागी आलेला राखणदार सहा फुटी आहे. ते त्याला बसत नाही, तो बसतही नाही. दाराची बिजागरी सध्या पुन्हा नादुरुस्त आहे.

मिस्त्री आणि मी त्यांना घरी पोचवायला गेलो. चहा झाला. मला तेव्हा कळलं, की पंधरा दिवसांपूर्वी मिस्त्री असेच चहाला येऊन गेले होते, आणि मावशी आत दूध तापवत असताना खिशातून पाणसळ, फरशीचा उतार दाखवणारी ती बुडबुड्याची नळी, काढून खिडकीजवळची फरशी मोजून गेले होते. त्यांच्या यजमानांनी पडदा सरकवला. खिडकीपाशी स्टूल होतं. तीच फळी, तीच खाच, पाय ठेवायला तीच पट्टी.

 मावशी जवळ गेल्या, पण बसल्या नाहीत. त्यांनी आधी स्टूल उचललं, उलटं केलं, चष्मा नाकावर ओढून खालची बाजू या कडेपासून त्या कडेपर्यंत नीट तपासली. नंबर नव्हता. मग त्यांनी ते सुलटं ठेवलं आणि बसल्या.